चिमीला 'नको' म्हणू दे

मल्लेश्वरम, बंगळुरू
१४ नोव्हेंबर

प्रिय मीनल,


काल फोनवर तू विचारलंस, "मावशी, शाळा सुरक्षित-असुरक्षित स्पर्श शिकवणार आहे म्हणे. पाच वर्षांच्या पोरीच्या डोक्यात हे आत्ताच कशाला?" घरात पाहुणे होते, मोकळेपणी बोलता आलं नाही. म्हणून लिहिते आहे.

शिकवू दे. आणि शाळेच्या आधी तू शिकव. आंघोळ घालताना नाक, कान, गुडघा म्हणतेस, तसंच योनी हा शब्दही सांग. लाडाचं नाव नको. उद्या ती बाईंना म्हणाली, "माझं फूल दुखतंय," तर त्या कानडी बाईंना काय कळणार? 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' असंही शिकवू नकोस. गोंजारणं कधी कधी बरंही वाटतं, आणि मग मूल स्वतःलाच वाईट समजू लागतं. नियम साधा ठेव: चड्डीच्या आतली जागा स्वच्छतेखेरीज किंवा दुखण्याखुपण्याखेरीज कुणी बघायची नाही, हात लावायचा नाही, स्वतःची दाखवायची नाही. तसं झालं तर 'नको' म्हणायचं, तिथून निघायचं, आईला सांगायचं. व्हॅनमध्ये, लिफ्टमध्ये मराठी चालणार नाही, तेव्हा कानडीतलं 'बेडा'सुद्धा शिकव. वाढदिवसाची गंमत चार दिवसांनी सगळ्यांना कळते; 'आईला कधीच सांगू नकोस' असं जे गुपित मोठं माणूस सांगतं, ते त्याच दिवशी सांगायचं. या शहरात डॉ. संगीता सक्सेना आणि डॉ. शैब्या सल्डान्हा या दोन स्त्रीरोगतज्ज्ञांनी २००१ साली 'एनफोल्ड' ही संस्था काढली, ती याच कामासाठी शाळांमध्ये जाते.

२०१४च्या जुलैत तू सांगलीला होतीस. इथल्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, हजारो पालक रस्त्यावर आले. मीही गेले होते. त्यानंतर शाळांमध्ये कॅमेरे आले, नोकरांची पोलीस पडताळणी आली. हवंच होतं ते. पण केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं; आणि छळणाऱ्यांपैकी निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते. त्यांच्यासाठी आपण दार उघडतो, चहा टाकतो.

मी नऊ वर्षांची असताना आमच्याकडे एक काका यायचे. मी आईला एवढंच म्हणाले, "ते मला आवडत नाहीत." आई म्हणाली, "मोठ्यांबद्दल असं बोलू नये." पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं, ते आज साठाव्या वर्षी तुला लिहिते आहे. आईचा राग नाही. तिला कुणी ऐकायला शिकवलंच नव्हतं.

म्हणून मीनल, चिमीला 'नको' म्हणता आलं नाही, ती घाबरून गप्प राहिली, तरी चूक तिची नाही, हे तिला आत्ताच सांगून ठेव. सांभाळायचं काम आपलं आहे. तिने काही सांगितलं तर "खरंच?" असं विचारू नकोस, "सांगितलंस ते बरं केलंस," म्हण. अब्रूचं भय बाळगू नकोस. २०१२ साली आजच्याच तारखेला मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. त्यात मुलाचा जबाब घरी घेता येतो, तो घेणारा पोलीस गणवेशात नसतो, मुलाचं नाव छापायला बंदी आहे. कळूनही तक्रार न करणं हा मात्र गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तिच्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घे. तो चोवीस तास लागतो, पैसे पडत नाहीत.

रविवारी तुझे सासरे येताहेत. माणूस देवासारखा आहे, मला ठाऊक आहे. पण ते "पापी दे" म्हणाले आणि चिमी मागे सरकली, तर तिला पुढे ढकलू नकोस. "आज नमस्कार करेल, आबा," असं तू म्हण, आणि तिच्या शेजारी उभी राहा.

तुझी,
मावशी