माळ्यावरची बाटली

२०२३ च्या मे महिन्यात थोरलीचं लग्न लागलं. पाहुणे परतल्यावर आम्ही चौघं मित्र मळ्यातल्या शेडमध्ये बसलो. मधोमध लिटरची स्कॉचची बाटली होती. माझा एक बालमित्र दुबईत अवजड गाडी चालवतो. २०११ साली सुट्टीवर येताना त्यानं विमानतळावरून ती माझ्यासाठी आणली होती. "पोरीच्या लग्नात फोडू," असं तेव्हाच ठरलं होतं. लेबलवर १२ वर्षं छापलेलं. मी सगळ्यांना मोठ्या अभिमानानं सांगितलं, "आता ही २४ वर्षांची झाली."

झाकण फिरवून ओढलं तर वरची टोपी तेवढी हातात आली. बूच बाटलीच्या मानेतच राहिलं. सुरीच्या टोकानं काढायला गेलो तर त्याचा भुगा आत पडला. शेवटी चहाच्या गाळण्यावर मलमलचा तुकडा धरून गाळावी लागली. उजेडात धरल्यावर दिसलं की सील न फोडताही पातळी मानेखाली चांगली तीन बोटं उतरली होती. पहिल्या घोटाला ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला, आणि मागून नुसता जाळ. मित्रानं ग्लास खाली ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "चांगली हाय." त्याचं ते खोटं मला आजही टोचतं. परदेशात घाम गाळून आणलेली वस्तू मी नासवली होती आणि तो मलाच सांभाळून घेत होता.

बारा वर्षं ती बाटली माळ्यावर होती. आमचं जुनं घर पत्र्याचं. पिंपळगाव रेणुकाईचा उन्हाळा ज्यांना माहीत आहे त्यांना पत्र्याखालच्या माळ्यावर काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. दुपारी तिथल्या पितळी भांड्याला हात लावता येत नाही. आम्ही मिरचीवाले. तोडलेली हिरवी मिरची तासभरसुद्धा उन्हात पडू देत नाही, सावलीत ओढतो, कारण बाजारात माल मलूल दिसला की भाव पडतो. मिरचीचं बी तर घट्ट झाकणाच्या डब्यात, अंधाऱ्या खोलीत ठेवतो. हे सगळं कळणारा मी बाटली मात्र घरातल्या सगळ्यात तापणाऱ्या जागी ठेवून निर्धास्त होतो. दारू जितकी जुनी तितकी चांगली, हे लहानपणापासून ऐकलेलं. त्यावर मी कधी शंकाच घेतली नाही.

त्यात ती आडवी ठेवलेली. नाशिकजवळच्या एका वायनरीत तळघरात आडव्या बाटल्यांच्या रांगा पाहिल्या होत्या, तेच डोक्यात बसलं.

माझा भाचा गोव्यात हॉटेलच्या बारवर काम करतो. दिवाळीला आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मामा, बाटलीत व्हिस्कीचं वय वाढत नसतं. वय वाढतं ते लाकडात." लेबलवरचा १२ चा आकडा म्हणजे त्यातली सगळ्यात कोवळी व्हिस्की ओकच्या पिंपात किती वर्षं होती त्याचा. काचेत भरली की वय तिथंच थांबतं. २०११ ची बारा वर्षांची बाटली २०२३ मध्येही बारा वर्षांचीच. पिंपाचं लाकूड तिला रंग देतं, गंध देतं. काच काहीच देत नाही.

वाइनमध्ये दारूचं प्रमाण १२-१४ टक्के असतं. तिच्यात बूच ओलं राहिलेलं चांगलं, म्हणून ती आडवी. व्हिस्कीत निदान ४० टक्के. एवढा कडक द्रव वर्षानुवर्षं बुचाला लागून राहिला की बूच पोखरतं आणि त्याचा वास आत उतरतो. म्हणून व्हिस्की उभीच ठेवायची. बूच अगदी कोरडं पडू नये म्हणून दोन-चार महिन्यांतून एकदा बाटली क्षणभर कलती करून परत उभी करायची. तापण्याचंही तसंच. स्पिरिट तापलं की पाण्यापेक्षा जास्त फुगतं, आतली हवा बुचाच्या कडेनं बाहेर लोटते. रात्री गार झालं की बाहेरची हवा आत ओढली जाते. माझ्या माळ्यावर बारा उन्हाळे रोज हे चाललं होतं.

उष्णता पिंपाला मात्र मानवते, हे ऐकून मला नवल वाटलं. बेंगळुरूची अमृत डिस्टिलरी जगदाळे घराण्याची, १९४८ साली सुरू झालेली, आडनाव आपल्याकडचंच. २००४ साली त्यांनी आपली सिंगल माल्ट थेट स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोला नेऊन बाजारात आणली. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के माल उडून जातो, बेंगळुरूत दहा टक्क्यांच्याही वर. तोटा मोठा, पण उन्हामुळे लाकडाचा गुण लवकर उतरतो, त्यामुळे तिथं थोड्या वर्षांतच व्हिस्की तयार होते. मी तेच ऊन काचेच्या बाटलीला दिलं.

लग्नानंतर उरलेल्या दारूचंही मी तेच केलं. तळाशी पावभर राहिली होती. मोडक्या बुचाच्या जागी कापडाचा बोळा कोंबला आणि बाटली दिवाणखान्यातल्या काचेच्या शोकेसमध्ये ठेवली. तिथं सकाळचं ऊन थेट येतं. दिवाळीपर्यंत रंग फिका पडला आणि चव सपक झाली. न फोडलेली, घट्ट बुचाची बाटली सावलीत उभी ठेवली तर वर्षानुवर्षं टिकते. फोडलेली अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर वर्षभर चालते; पाव उरली की दोन-तीन महिन्यांत संपवलेली बरी. पिऊन त्रास होतो असं नाही, पण आत हवा जास्त झाली की गंध जातो.

आणखी एक चूक. विदेशी दारू जवळ बाळगायला आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवाना लागतो. बारा वर्षं माझ्याकडे तो नव्हता. भाच्यानं विचारलं तेव्हा मान खाली गेली. त्यानंतर परवाना काढला.

दिवाळी झाल्यावर मित्राला फोन केला आणि माळ्याचं सगळं खरं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मला पहिल्या घोटालाच कळलं व्हतं." पुढच्या पाडव्याला तो गावी आला, तेव्हा संभाजीनगरहून ७५० मिलीची अमृत आणली होती. आम्ही दोघांनी ती निम्मी संपवली. उरलेली काचेच्या दोन क्वार्टरमध्ये गळ्यापर्यंत भरली. बाटल्या आधी धुऊन दोन दिवस पालथ्या घालून वाळवल्या होत्या, आत पाण्याचा थेंब राहू नये म्हणून. चिकटपट्टीवर तारीख लिहून लावली. नव्या घरात जिन्याखाली एक लाकडी कपाट आहे. भिंत उत्तरेची, ऊन कधीच येत नाही. खालच्या कप्प्यात मिरचीच्या बियांचे डबे आहेत. त्यांच्याच शेजारी त्या दोन्ही उभ्या ठेवल्या.