हंड्याखालचं अंग

नगर तालुक्यातल्या आमच्या भागात मुलगी सात-आठ वर्षांची झाली की तिच्या डोक्यावर चुंबळ यायची. आधी कळशी, मग हंडा, लग्न झालं की हंड्यावर हंडा. पंधरा लिटरच्या हंड्यात पंधरा किलो पाणी, पितळेचं वजन वेगळं. पाणी किती लांब आहे, हे बायका बोलायच्या. ते किती जड आहे, हे कुणी बोलत नसे.

आईच्या डोक्यावर मी घमेलंही पाहिलं. १९७२ चा दुष्काळ होता. ती दुष्काळी कामावर खडी वाहायची आणि धाकटा भाऊ बाभळीला बांधलेल्या झोळीत रडत असायचा. सव्वा महिना पुरा व्हायच्या आतच ती बाहेर पडली होती, कारण हजेरी लागली तरच चूल पेटणार होती. पुढं कित्येक वर्षं ती जुन्या लुगड्याची घडी लंगोटासारखी घट्ट बांधून वावरली. एकदा शेजारच्या काकूंना ती हळू आवाजात सांगताना मी ऐकलं, “अंग बाहेर येतंय. लघवीला बसलं की बोटानं आत सारावं लागतंय.” काकू म्हणाल्या, “माझंबी येतंय.” मग दोघी पाण्याला गेल्या.

अंगणवाडीत कामाला लागल्यावर डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास माझ्या वाचनात आला. १९८९ साली तो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला होता. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यांतल्या ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग निघाला. त्याआधी कधी तशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. गडचिरोलीचं जंगल कुठं आणि आमचं माळरान कुठं, पण त्या ९२ मध्ये मला आई आणि काकू शेजारी शेजारी बसलेल्या दिसल्या. आजही तो आकडा आठवला की मला राग येतो.

मी हिवरे बाजारला सून म्हणून आले तेव्हा डोंगर बोडके होते, विहिरी उन्हाळ्याआधीच तळ दाखवायच्या आणि कामाला येतील एवढी माणसं पुण्या-मुंबईला निघून जायची. दुसऱ्या बाळंतपणात कळा लांबल्या. पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधीच मला जोर करायला लावलं गेलं. मुलगा चांगला वजनदार होता. घरात पाणी भरणारं दुसरं कुणी नव्हतं, तेव्हा अंग ओलं असतानाच हंडा उचलला. थोड्याच दिवसांत संध्याकाळ झाली की कंबर धरायची, ओटीपोटात ओढ लागायची, खाली गोळा उतरल्यासारखं वाटायचं. आडवं पडलं की बरं वाटे. हे काय आहे ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी आत्याबाईंना सांगितलं. त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथल्या सिस्टरनी तपासलं आणि समजावलं: कमरेच्या हाडांच्या तळाशी स्नायूंची झोळी असते, तिच्यावर पिशवी, मूत्राशय, गुदाशय टेकलेले असतात. बाळंतपणात ती ताणते. तिला आवळायला वेळ मिळाला नाही, वर ओझं आलं, खोकला आला, शौचाला कुंथावं लागलं, की ती खचते. पाळी गेल्यावर आणखी सैल होते. मग त्यांनी व्यायाम शिकवला. लघवी आणि वारा एकदमच रोखून धरतो तसं आतून वर ओढायचं, पाच-सहा आकडे मोजेपर्यंत धरायचं, तेवढंच सैल सोडायचं. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास कोंडायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करताना मध्येच थांबवून हा व्यायाम करायचा नाही. “महिने जातील, सोडू नकोस,” त्या म्हणाल्या. अंग पुरतं बाहेर आलेलं असेल तर व्यायामानं ते आत जात नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. माझं सुरुवातीचं होतं. भाकरी थापताना, शेळ्यांचं दूध काढताना मी व्यायाम करत राहिले. हळूहळू संध्याकाळचा जडपणा गेला.

पण ओझ्याचं काय? ते व्यायामानं उतरत नाही. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढच्या वर्षांत डोंगरावर सलग समतल चर खोदले गेले, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी आली, पावसाच्या मापानं पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जाऊ लागला. त्यात पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. गावाची कीर्ती देशभर झाली ती वाढलेल्या उत्पन्नामुळं, दुधामुळं, परत आलेल्या माणसांमुळं. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाणी घराजवळ आलं तेव्हा ओल्या बाळंतिणीच्या डोक्यावरचा हंडा उतरला. बायोगॅस आला तिथं सरपणाचा भारा गेला आणि धुराचा खोकलाही कमी झाला. लोटाबंदीनं घरोघरी संडास झाले, तेव्हा अंधार पडेपर्यंत अडवून धरणं आणि त्यापायी होणारा बद्धकोष्ठ सुटला. नसबंदी स्वीकारली म्हणून पाचवं-सहावं बाळंतपण टळलं. सिस्टरनी झोळी खचण्याची जी कारणं सांगितली होती, त्यांतली बहुतेक अशी निघून गेली. आदर्श गावाच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला माहीत नाही, पण लिहायला हवं असं मला फार वाटतं.

आईचं अंग मात्र तोवर पूर्ण खाली आलेलं होतं. तिला नगरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. ऑपरेशनला ती तयार नव्हती. बाईंनी आत रिंग बसवली, ठराविक महिन्यांनी ती काढून धुवायची आणि आतली कातडी सोलवटली नाही ना हे तपासायचं, असं सांगितलं. तो नवरात्राचा हंगाम होता. लुगड्याची घडी न बांधता आई मोहट्याच्या देवीला पायी गेली.

“पिशवीच काढून टाका” हा सल्ला आपल्याकडे फार सहज मिळतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये चौकशी झाली, तेव्हा पिशवी काढलेल्या तेरा हजारांहून अधिक निघाल्या. कित्येकींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. खरी गरज असेल तेव्हा ती शस्त्रक्रिया करावीच लागते. पण पिशवी काढली म्हणून झोळी घट्ट होत नाही, पुढं योनीचा वरचा भागच खाली येऊ शकतो. आणि तरुण बाईची पिशवी ठेवून ती वर बांधून घेण्याच्या शस्त्रक्रिया तर मुंबईतच डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांनी बसवल्या. डॉक्टरांच्या पुस्तकांत त्या त्यांच्याच नावानं आहेत. म्हणून दुसरा दवाखाना गाठून विचारल्याशिवाय हो म्हणू नका, असं मी प्रत्येकीला सांगते. रक्त जात असेल, जखम झाली असेल किंवा लघवी तुंबली असेल, तर मात्र त्याच दिवशी जायचं.

अंगणवाडीत बाळाचं वजन करायला आई येते. वजन लिहून झालं की मी तिलाही विचारते: संध्याकाळी खाली जड वाटतं का, शिंकताना लघवी सुटते का, शौचाला कुंथावं लागतं का. नव्या सुना लाजतात, पण सांगतात. सोबत सासू आलेली असेल तर तिलाही तेच विचारते, आणि पुष्कळदा सुनेच्या आधी सासूच बोलायला लागते.