वाचता वाचता वाचता येते

मित्रांनो, तुमच्या दप्तरात दोन तऱ्हांची पुस्तके असतात. उर्दूचे पुस्तक उजवीकडून डावीकडे चालते, तर मराठीचे डावीकडून उजवीकडे. एका तासाला नजर एका दिशेने धावते आणि दुसऱ्या तासाला उलट दिशेने. 'ही कसरत आमच्याच वाट्याला का?' असे तुम्हांला कधीतरी वाटले असेल. म्हणून आज तुम्हांला तुमच्यासारख्याच, पण फार दूरच्या विद्यार्थ्यांविषयी सांगतो.

जपानमधील मुले शाळेत इंग्रजी शिकतात. त्यांची गोष्टींची पुस्तके तुमच्या उर्दू पुस्तकांप्रमाणे उजव्या बाजूने उघडतात. ओळी मात्र वरून खाली उतरतात. त्यांच्या लिपीत ४६ मूळ अक्षरांचे दोन संच आहेत. शिवाय चिनी लिपीतून आलेली चित्राक्षरे निराळीच. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने २०१० साली जी यादी ठरवली, तिच्यात २१३६ चित्राक्षरे आहेत! इतकी अक्षरे शिकणारी मुले इंग्रजीच्या २६ अक्षरांपाशी का बरे अडखळतात?

पहिली अडचण उच्चाराची. जपानी भाषेत 'ल' आणि 'र' असे दोन वेगळे आवाज नाहीत. जवळजवळ प्रत्येक अक्षराच्या शेवटी स्वर येतो. त्यामुळे 'मिल्क'चे 'मिरुकु' होते. हसू नका! उर्दूत 'ळ' नाही, म्हणून तुमच्यातलेही काही जण 'काळ'ला 'काल' म्हणतात आणि अर्थ बदलून जातो. नारळ, मासोळी, कुडाळ हे शब्द रोज मोठ्याने म्हणा. जीभ आपोआप वळू लागेल.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, जपानीत ते शेवटी येते. पूर्वीच्या काळी जपानी विद्वान चिनी ग्रंथ वाचताना शब्दांपाशी खुणा करत आणि त्या खुणांप्रमाणे मागेपुढे जाऊन जपानी वाक्य जुळवत. पुढे इंग्रजीही तसेच शिकवले गेले. या पद्धतीला 'याकुदोकु' म्हणतात. म्हणजे प्रत्येक शब्दाचे भाषांतर करायचे, शब्द पुन्हा मांडायचे आणि मग अर्थ लावायचा. अशाने एक पान वाचायला तास लागतो. पानाच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.

मालवणच्या किनाऱ्यावर मी अनेक वर्षे उर्दू शाळेत मराठी शिकवले. माझ्या वर्गात एका खलाशाचा मुलगा होता. तोही असेच वाचत असे. एक मराठी शब्द वाचायचा, थांबायचा, मनात उर्दू शब्द शोधायचा आणि मगच पुढे जायचा. "सर, मला मराठी येत नाही," असे तो नेहमी म्हणे. पण मधल्या सुट्टीत हाच मुलगा मासे विकणाऱ्या मावशींशी मालवणीत भराभर बोले! मराठी त्याच्या कानात आणि जिभेवर होती, फक्त डोळ्यांपर्यंत पोहोचली नव्हती.

जपानी मुलांना वर्गाबाहेर इंग्रजी क्वचितच ऐकू येते. तुमच्या कानांवर मराठी दिवसभर पडते. शिवाय 'मैं किताब पढ़ता हूँ' आणि 'मी पुस्तक वाचतो' यांत शब्दांचा क्रम एकच आहे. तुम्हांला मागेपुढे उड्या मारण्याची गरजच नाही. बाजार, जमीन, तारीख, किल्ला हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच. काही शब्द मात्र थोडे फसवतात. उर्दूत 'दर्या' म्हणजे नदी, मराठीत समुद्र. उर्दूत 'खाली' म्हणजे रिकामे, मराठीत तळाच्या बाजूला. आणि 'बंदर' म्हटल्यावर तुम्हांला माकड आठवेल, पण मालवणात तेथे होड्या लागतात!

भरभर वाचता येणे इतके महत्त्वाचे का? सुमारे १०० वर्षांपूर्वी मायकेल वेस्ट नावाचे एक इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याला काम करत होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी शिक्षणाविषयीचे त्यांचे पुस्तक १९२६ साली निघाले. पुष्कळ मुले शाळा मध्येच सोडतात, हे त्यांनी पाहिले. अशा मुलाच्या हाती शेवटी काय उरते, हा त्यांचा प्रश्न होता. वाचन आले असेल तर ते आयुष्यभर साथ देते, म्हणून आधी वाचायला शिकवा, असे त्यांचे मत होते. त्यांनी थोड्या आणि सोप्या शब्दांची पुस्तके मुलांसाठी तयार केली.

आज जपानमध्येही काही शिक्षक असाच मार्ग सांगतात. त्याला 'तादोकु', म्हणजे पुष्कळ वाचणे, असे म्हणतात. त्याचे नियम सोपे आहेत. अगदी सोप्या पुस्तकापासून सुरुवात करा. शब्दकोश बाजूला ठेवा. अडलेला शब्द सोडून पुढे जा. पुस्तक आवडले नाही तर दुसरे घ्या. असे करत दहा लाख शब्द वाचायचे!

मीही त्या मुलाला सोप्या गोष्टींची पुस्तके दिली आणि सांगितले, "थांबू नकोस, पुढे चल." एस. टी. वरच्या पाट्या, दुकानांची नावे, जे दिसेल ते तो वाचू लागला. एके दिवशी बंदरावर वादळाचा बावटा लागला. बावटा पाहून धोका आहे एवढे सर्वांना कळले. पण समुद्रात कधीपर्यंत जायचे नाही, हे शेजारच्या फळ्यावर मराठीत लिहिले होते. त्याच्या वडिलांना ती लिपी येत नव्हती. मुलाने सूचना न अडखळता वाचून दाखवली. त्यानंतर घरातले प्रत्येक मराठी कागद आणि पत्र त्याच्याच हाती येऊ लागले.

मित्रांनो, दुसरी भाषा शिकल्याने आपली भाषा दूर जात नाही. घराला आणखी एक दरवाजा मिळतो. तो उघडायला मोठी विद्वत्ता लागत नाही. रोज सोप्या मराठीचे एक पान वाचा. एखादा शब्द अडला तर अडू द्या. पुढच्या ओळीत तो पुन्हा भेटेल आणि स्वतःच आपला अर्थ सांगेल.