खर्ड्याचा किल्ला आणि पुण्याचा रंगमहाल

जामखेडहून आग्नेयेला वीसेक किलोमीटर गेले, की खर्डा लागते. गाव लहान, पण नाव शाळेच्या पुस्तकामुळे घराघरात पोहोचलेले. गावाचा किल्ला डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. चौरस तट आणि भक्कम बुरूज असलेला हा किल्ला अठराव्या शतकात निंबाळकरांनी बांधला.

११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम येथे भिडले. मराठी फौजांचे नेतृत्व परशुरामभाऊ पटवर्धनांकडे होते. शिंदे, होळकर, भोसले सारे एका निशाणाखाली आले होते. निजामाने माघार घेऊन याच किल्ल्याचा आसरा घेतला, आणि शेवटी आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन करून तह पत्करला. पेशवे सवाई माधवराव तेव्हा अवघे वीस वर्षांचे होते.

मात्र पाचच वर्षांपूर्वी, १७९० साली, हाच निजाम टिपूविरुद्ध पेशव्यांचा आणि इंग्रजांचा दोस्त होता. पुण्याच्या दरबारात इंग्रज वकील मॅलेट त्या तहाची कागदपत्रे पेशव्यांना देत आहे, असे एक चित्र आहे. पुण्यास राहिलेल्या जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने ते लंडनमध्ये १८०५ साली रंगवले, आणि १८०७ मध्ये चार्ल्स टर्नरने त्याचा छाप काढला. या पद्धतीत तांब्याचा पत्रा आधी सगळा खरखरीत करतात. तसाच छापला तर कागद काळाभोर उठतो. मग उजेड हवा तेथे पत्रा घासून गुळगुळीत करायचा. जणू अंधारातूनच दालन उजळत येते. सुरूच्या आकाराचे खांब, नक्षीदार मेहरपी, मागे गणपतीची मूर्ती आणि दाटीवाटीने बसलेले दरबारी!

हे दालन म्हणजे शनिवारवाड्यातला गणेश रंगमहाल. दरबार तेथे, गणपतीचा उत्सव तेथे, गाणे आणि नाचही तेथेच.  वाड्याचे दालन हेच रंगस्थान. पुढे १८४३ साली विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेही सांगलीच्या पटवर्धनांच्याच आश्रयाने. खर्ड्यावर लढलेल्या घराण्याने मराठी नाटकाचाही पाठिराखा व्हावे, हा योग मोठा गोड आहे.

खर्ड्याचा आनंद मात्र टिकला नाही. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडले आणि त्यांचा अंत झाला. दौलतीत दुफळी माजली. १८१८ मध्ये पेशवाई गेली, आणि १८२८ च्या आगीत वाड्याबरोबर रंगमहालही भस्म झाला.

आग पुण्यातच लागते असे नाही. लंडनमध्ये अकरमनने १८०८ साली शहरातील प्रसिद्ध जागांची चित्रे छापायला घेतली. पुजिन इमारती काढी, रोलंडसन माणसे. त्यात कॉव्हेंट गार्डन आणि ड्रुरी लेन ही दोन मोठी नाट्यगृहे आली. पहिले त्याच वर्षी जळाले, दुसरे १८०९ मध्ये. तिकडे नाट्यगृहे पुन्हा उभी राहिली. आपला रंगमहाल पुन्हा उभा राहिला नाही. म्हणून आपल्याला त्या छापाची किंमत अधिक.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन खर्ड्याला अवश्य जा. तटाचे चिरे हाताने चाचपून पाहा. परतताना पुण्यात शनिवारवाड्यात उतरा. तेथे उरलेल्या जोत्यांपाशी उभे राहून त्या चित्राची प्रत मुलांच्या हाती द्या, आणि खांब कोठे असतील, गणपती कोठे, बैठक कोठे, ते त्यांनाच शोधू द्या.