काका सांगलीला येणार नाहीत

महाबळेश्वर, गुरुवार रात्र

ती. आईस,


सुखरूप पोचले. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि दादा मध्येच बोलतो, म्हणून लिहितेय. पानांचे फोटो सोनूला पाठवते, ती वाचून दाखवेल.

मेढा सोडेपर्यंत स्वेटर पिशवीतच होता. केळघरच्या घाटात सगळ्यांनी खिडक्या लावल्या, माझीच काच काही केल्या सरकेना. उतरले तेव्हा बोटांना पर्सची चेन उघडत नव्हती. काका स्टँडवर उभे होते. कानटोपी, मफलर आणि बाबांचा तपकिरी कोट. बाबा गेल्यावर तू दिलेला, तोच.

घरी काकूनं बंब पेटवून ठेवला होता. जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, लसणाची चटणी आणि लाल गाजरांची कोशिंबीर. भाकरी तव्यावरून थेट ताटात, आणि काकू नको म्हणू देत नाही. गाजरं इथलीच, कोवळी, साखर घालायची गरज नाही. त्यावरून काकांनी चिनी कैद्यांची गोष्ट काढली. इंग्रजांनी इथल्या तुरुंगात ठेवलेले ते कैदी, त्यांनी पिकवलेले भाजीचे मळे, चायनामन धबधब्याला त्यांच्यावरून पडलेलं नाव. लहानपणी शेगडीपाशी बसून ऐकायचो तीच, आज पुन्हा सगळी ऐकली.

दादानं सांगितलेला विषय अजून काढलेला नाही. अंगावर गोधड्यांचा ढीग आहे आणि हात गारठलेत. थांबते.

शनिवार, दुपार

काल पहाटे काकांनी वेण्णा तलावावर नेलं. दव गोठलं होतं. गवतावर आणि बोटींच्या फळ्यांवर पांढरा थर. काकांनी तो नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. दहा वाजता त्याच रस्त्यावर गाड्यांची एवढी रांग लागली, की चालत निघालेले आम्ही त्यांच्या आधी बाजारात पोचलो.

डॉ. साबणे रस्ता तुला ओळखू येणार नाही. चपलांची दुकानं आहेत, चणेवाले आहेत, मधाच्या बाटल्या आहेत, पण पाट्यांच्या आणि दिव्यांच्या गर्दीत घरांची कौलं दिसतच नाहीत. स्ट्रॉबेरी पाव किलोच्या डबीला १०० रुपये सांगतात. काकू बाजारात घेतच नाही. भिलारकडचा एक शेतकरी दारावर आणून देतो. फळं लहान-मोठी, मातीचा वास असलेली, पण देठापर्यंत लाल. काकूनं साखर न घालता नुसती कुस्करून दुधात दिली. तुझ्यासाठी मुरंबा करतेय.

एका कचेरीत काकांचा कागद अडकलाय. तिथल्या कारकुनानं त्यांना टेबलासमोर ताटकळत उभं ठेवलं आणि मान वर न करता सांगितलं, ‘सोमवारी या.’ ऐंशी ओलांडलेल्या माणसाला साधं बसाही म्हणाला नाही. माझा संताप संताप झाला. काका मात्र ‘बरं’ म्हणून निघाले आणि वाटेत अंजनीच्या झाडाला कळ्या धरल्यात का ते बघत राहिले. रात्री मला त्या माणसाच्याच बोलण्यानं झोप लागली नाही.

आर्थर सीट, विल्सन पॉइंट झाले. क्षेत्र महाबळेश्वरी मात्र बराच वेळ बसले. १६६५ साली शिवाजी महाराजांनी जिजाऊंची सुवर्णतुला केली ते हेच देऊळ, हे तू मला तिथल्या पायरीवर बसवून सांगितलं होतंस. पंचगंगेत गोमुखातून धार पडते. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. तुझी तांब्याची लोटी भरून घेतली आहे.

रविवार, रात्र

आई, आज विषय काढला. हे पान दादालाही वाचून दाखवायला सांग.

दादाचं म्हणणं मी जसंच्या तसं मांडलं. २०२१ च्या जुलैत इथे चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, सांगलीत जवळजवळ वर्षभरात पडतो तेवढा. आंबेनळी घाटाचा रस्ता वाहून गेला. अशा वेळी रात्री काही दुखलंखुपलं तर कोण येणार? तेव्हा जून ते सप्टेंबर दोघांनी सांगलीला यावं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘आमचं पाणी आमच्याकडे थांबत नाही गं. वेण्णा माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कऱ्हाडला मिळते, आणि सगळं मिळून तुमच्या दारात येतं. २०१९ ला गावभागातल्या घरातून वहिनींना होडीतून काढलं, तेव्हा मी इथे कोरड्या ओट्यावर बसून काळजी करत होतो.’

मला यावर बोलता आलं नाही. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि तुझा हात धरून त्या होडीत मीच बसले होते.

त्यांचं घर जांभ्या दगडाचं, उतारावरचं. पाणी जमिनीत मुरतं, उरलेलं खाली निघून जातं. मे महिन्यात भिंतींना गवताच्या ताट्या बांधायच्या, लाकूडफाटा आणि धान्य भरून ठेवायचं, गोधड्यांना ऊन द्यायचं, हे सगळं दोघांना अजून येतं आणि त्यात त्यांचा जीव रमतो. आपलं महाबळेश्वरही तेच होतं. पाहुणे उन्हाळ्यात यायचे. आपण राहायचो पावसात, शेगडीवर कपडे वाळवत, चार-चार दिवस सूर्य न बघता. ज्यांनी असा जन्म काढला त्यांना पावसाळ्यातच इथून उचलायचं, म्हणजे त्यांचं गाव काढून घ्यायचं.

दादाची काळजी खरी आहे. पण तिच्यावर उपाय इथेच करायचा. मी तो विषय पुन्हा काढणार नाही. ओट्याकडचे पत्रे गंजलेत, ते मेअखेरीला बदलायचे. सांगलीतली खोली रंगवायला दादानं बाजूला ठेवलेले पैसे त्यासाठी पाठवावेत. चार महिन्यांची औषधं मी वाईहून भरून देईन. शेजारच्या घरातला मुलगा रात्री झोपायला यायला तयार आहे, काकूनं त्याच्या आईशी बोलून ठेवलंय. ताट्या बांधायला मी स्वतः येईन.

आणि तू एप्रिलमध्ये माझ्याबरोबर इथे यायचंस. काकू विचारत होती, वहिनींना जिना चढवतो का. मी सांगितलं, तुझी गादी खालच्या खोलीत घालायची.

उद्या काकांबरोबर त्या कचेरीत जाते. यावेळी त्यांना बसायला खुर्ची दिल्याशिवाय कागद पुढे करणार नाही. मंगळवारी दुपारच्या गाडीनं निघते, रात्री जेवायला घरी आहे. साधा आमटी-भात कर.

तुझी,
बेबी