धुराची चव

चांगल्या बिअरचा शोध घ्यायचा, तर शनिवार-रविवार गाठून जर्मनीतल्या बांबेर्गला जावे. पूर्वी मोड आणलेले जव अनेक ठिकाणी लाकडाच्या जाळावर सुकवीत. पुढे बिनधुराच्या भट्ट्या आल्या, नि बहुतेकांनी धूर सोडला. इथल्या ‘श्लेंकेर्ला’ आणि ‘श्पेत्सियाल’ या दोन घराण्यांनी मात्र तो जपला.

पहिला घोट घेताच चुलीपाशी बसल्यासारखे वाटते. आमच्या सौभाग्यवतींनी नाक मुरडले. सोबत खिमा भरलेला कांदा, वर त्याच बिअरचा रस्सा. दुसऱ्या पेल्याला धूर जिभेशी सलगी करू लागतो.

आईचे डोळे चुरचुरत ते अशाच धुराने. चूल गेली, हे बरेच झाले. पण तिच्या भाकरीची चवही सोबत गेली. सुधारणा हवीच हो. मात्र गावात एखादे तरी घर हट्टी असावे!