नेपाळला जा, पण आधी महाड पाहा

आपली कुटुंबे पै-पै साठवून नेपाळच्या सहलीला जातात. लुंबिनीचा अशोकस्तंभ, चितवनचा गेंडा पाहून येतात. आनंदच आहे! पण आपल्याकडेही पोलादपूरवरून महाडला येणाऱ्या सावित्रीच्या काठी मगरी ऊन खात पडतात. शहरालगत गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. कुमार कानभोअ विष्णुपालित याने लेण्याबरोबर पाण्याची टाकीही दान दिली, असे तिथला शिलालेख सांगतो. त्याच महाडात पुढे चवदार तळे जनावरांना खुले आणि आपल्या माणसांना बंद झाले. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ते पाणी ओंजळीत घेतले. म्हणून मुलांना आधी लेण्यातली टाकी दाखवा, मग तळे. लढा कशासाठी होता, ते त्यांना न सांगता कळेल. मग खुशाल हिमालय गाठा.